कागद, वहिवाट आणि सीमा : बार्ले-हेर्टोग या बेल्जियन सीमाग्रामाच्या भूगोल-इतिहासाची चिकित्सा

प्रास्ताविक

राष्ट्राचा प्रदेश सलग असतो, त्याच्या कडेने एक निश्चित रेषा जाते आणि त्या रेषेच्या आत एकाच सत्तेचा अंमल चालतो, हे आधुनिक राज्यशास्त्राचे गृहीतक आहे. बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतातील बार्ले-हेर्टोग हे लहानसे गाव या गृहीतकात बसत नाही. हे गाव बेल्जियमचे असले तरी त्याचा मुख्य वस्तीभाग नेदरलँड्सच्या भूमीत विखुरलेला आहे. एका राष्ट्राच्या मालकीचा, पण चोहोबाजूंनी दुसऱ्या राष्ट्राने वेढलेला भूभाग म्हणजे 'परिवेष्टित प्रदेश' होय. बार्ले येथे बेल्जियमचे असे २२ तुकडे नेदरलँड्समध्ये आहेत. या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे ७ तुकडे आहेत, तर नेदरलँड्सचा आणखी एक तुकडा बेल्जियमच्या मुख्य भूमीत झोंडरआयगेन या वाडीनजीक आहे. एकूण ३० तुकड्यांची ही रचना आहे.

या गावाविषयी आजवर झालेल्या लेखनाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिले पर्यटनपर व वृत्तपत्रीय, दुसरे भूगोलतज्ज्ञांचे आणि तिसरे न्यायालयीन. या तिन्ही वाचनांची चिकित्सा करणे आणि विशेषतः हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १९५९ च्या निकालपत्राची मांडणी तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. भूमीवरील हक्क कागदाने सिद्ध होतो की वहिवाटीने, हा या चिकित्सेचा मध्यवर्ती प्रश्न आहे. याच न्यायालयाने दहा महिन्यांच्या आत दादरा-नगरहवेलीसंबंधी दिलेल्या निकालात पेशवेकालीन मराठी कागदांचा विचार केला असल्याने हा प्रश्न मराठी अभ्यासकांनाही परका नाही.

भौगोलिक स्वरूप

बार्ले हे गाव डच शहर ब्रेडा आणि बेल्जियन शहर टर्नहाउट यांच्या दरम्यानच्या सपाट, वालुकामय प्रदेशात वसले आहे. सीमा ठरविण्यास उपयोगी पडेल अशी मोठी नदी वा डोंगररांग येथे नाही. बार्ले-हेर्टोग नगरपालिकेचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ७.५ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी २२ परिवेष्टित तुकड्यांचे क्षेत्रफळ जेमतेम २.३४ चौरस किलोमीटर भरते. उर्वरित भाग झोंडरआयगेन येथे बेल्जियमच्या मुख्य भूमीला जोडलेला आहे. सर्वांत मोठा तुकडा सुमारे दीड चौरस किलोमीटरचा आहे, तर सर्वांत लहान तुकडा पाऊण एकरापेक्षाही कमी जमिनीचा आहे. भोवतालच्या डच नगरपालिकेचे नाव बार्ले-नासाऊ असून तिचे क्षेत्रफळ सुमारे ७६ चौरस किलोमीटर आहे. लोकसंख्येचा विचार करता बेल्जियन बाजूस सुमारे तीन हजार, तर डच बाजूस सुमारे सात हजार लोक राहतात. दोन्हीकडची भाषा डच आहे.

भाषा एक, बाजारपेठ एक, रस्तेही तेच. परंतु नगरपालिका दोन, नगराध्यक्ष दोन आणि कायदे दोन, अशी येथील स्थिती आहे. सीमा घरांमधून, दुकानांमधून व बागांमधून जाते. रस्त्यावर फुल्यांच्या खुणा करून एका बाजूस 'बी' आणि दुसऱ्या बाजूस 'एनएल' ही अक्षरे रेखाटलेली आहेत. घर कोणत्या देशात मोडते, हे त्याच्या दर्शनी दारावरून ठरते, असा येथील प्रघात आहे. लोव्हेरेन या भागातील एका घराच्या दारातूनच सीमा जात असल्याने त्या घराला दोन देशांचे दोन क्रमांक आहेत.

पर्यटनपर लेखनाचा भर नेमका याच तपशिलांवर असतो. डच कायद्यानुसार उपाहारगृह बंद करण्याची वेळ झाली की ग्राहक उठून बेल्जियन बाजूच्या मेजांवर जात, ही कथा बार्लेविषयीच्या बहुतेक लेखांत आढळते. अशा कथांतून वाचकांचे मनोरंजन होते; मात्र त्यांत दोन दोष संभवतात. एक म्हणजे, ही रचना इतिहासाच्या ओघात झालेली गंमत वा प्रमाद आहे, असा समज दृढ होतो. दुसरे म्हणजे, सीमा ही निरुपद्रवी वस्तू आहे, असे चित्र उभे राहते. या दोन्ही समजांची तपासणी करण्यासाठी इतिहासाकडे वळणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या रचनेचे मूळ ११९८ मधील एका सामंती व्यवहारात सापडते. ब्रेडाचा अधिपती गॉडफ्रीड याने ब्राबांटचा ड्यूक हेन्‍री पहिला याचे संरक्षण स्वीकारले. आपली भूमी त्याने ड्यूकला अर्पण केली आणि ती पुन्हा मांडलिक या नात्याने परत मिळविली. त्याबरोबर बार्लेच्या परिसरातील आणखी काही जमीन ड्यूकने त्याला दिली. मात्र ज्या जमिनींवर आधीच कुळे वसलेली होती आणि ज्यांच्यापासून ड्यूकला उत्पन्न मिळत होते, त्या जमिनी ड्यूकने स्वतःकडेच ठेवल्या. म्हणजे लागवडीखालील, उत्पन्न देणाऱ्या जमिनी ड्यूकच्या, तर भोवतालची पडीक जमीन ब्रेडाच्या अधिपतीची, अशी वाटणी झाली. 'हेर्टोग' या शब्दाचा अर्थ 'ड्यूक' असाच आहे. पुढे १४०३ मध्ये विवाहसंबंधाने ब्रेडाची जहागीर नासाऊ घराण्याकडे गेली आणि दुसऱ्या भागास 'बार्ले-नासाऊ' हे नाव प्राप्त झाले.

मध्ययुगीन सत्ता ही मुख्यतः माणसांवरील आणि उत्पन्नावरील हक्कांची व्यवस्था होती. सलग भूप्रदेश ही तिची अट नव्हती. मराठेशाहीत एकाच गावच्या उत्पन्नात मोकासा, बाबती, सरदेशमुखी असे निरनिराळे हक्क निरनिराळ्या व्यक्तींकडे असत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना बार्लेची वाटणी विक्षिप्त वाटणार नाही. जमिनीचा कस आणि कुळांची वस्ती यांवर आधारलेली ही सुसंगत महसुली विभागणी होती. तिला विसंगत रूप आले ते नंतर. १६४८ च्या म्युन्स्टर तहाने ब्रेडा डच प्रजासत्ताकात गेले आणि टर्नहाउटकडील भाग स्पॅनिश सत्तेखाली राहिला. दोन जहागिरींमधील हद्द अशा रीतीने दोन सार्वभौम सत्तांमधील हद्द झाली.

१८१५ ते १८३० या काळात दोन्ही भाग एकाच राज्यात होते. १८३० मध्ये बेल्जियमने बंड केले आणि १८३९ मध्ये त्याच्या स्वातंत्र्यास मान्यता मिळाली. त्यानंतर सीमानिश्चितीचे काम सुरू झाले. १८४३ च्या मास्ट्रिख्ट येथील करारात बार्ले येथे रेषा आखणे अशक्य आहे, हे उभय पक्षांनी मान्य केले. सीमास्तंभ क्रमांक २१४ आणि २१५ यांच्या दरम्यान रेषा न आखता ५,७३२ भूखंडांची यादी करण्यात आली आणि प्रत्येक भूखंडापुढे त्याचे राष्ट्रीयत्व नोंदविण्यात आले. येथे सीमा म्हणजे नकाशावरील रेघ नसून नोंदवहीतील रकाना आहे. भूमापन खात्याच्या कारकुनाने केलेली नोंद हीच राष्ट्राची कड ठरली.

या नोंदीचे महत्त्व पहिल्या महायुद्धात प्रत्ययास आले. १९१४ मध्ये जर्मनीने बेल्जियमचा बहुतांश प्रदेश व्यापला. परंतु बार्ले-हेर्टोगच्या तुकड्यांपर्यंत पोहोचण्यासाठी तटस्थ नेदरलँड्सची भूमी ओलांडावी लागली असती. त्यामुळे हे तुकडे मुक्त राहिले. १९१५ मध्ये तेथे बेल्जियन लष्करासाठी बिनतारी संदेशकेंद्र उभारण्यात आले. त्याची सामग्री डच हद्दीतून उघडपणे नेणे शक्य नसल्याने ती गुप्तपणे आणावी लागली. तटस्थतेस बाध येऊ नये म्हणून डच प्रशासनाने बेल्जियन भागाभोवती कुंपण घालून ये-जा नियंत्रणाखाली आणली. तुकड्यांतील नागरिक स्वतंत्र होते, तरी त्यांच्या हालचाली शेजाऱ्याच्या अनुमतीवर अवलंबून होत्या.

१९५९ चा निकाल : कागदाचा पक्ष

झोंडरआयगेन येथील ९१ व ९२ क्रमांकांचे भूखंड हा बेल्जियम व नेदरलँड्स यांच्यातील वादाचा विषय होता. १८४१ मध्ये पूर्ण झालेल्या स्थानिक गावनोंदीत ७८ ते १११ हे सर्व भूखंड बार्ले-नासाऊचे म्हणून दाखविले होते. १८४३ च्या कराराला जोडलेल्या वर्णनपत्रकात मात्र ९१ व ९२ हे बार्ले-हेर्टोगचे म्हणून वेगळे काढलेले होते. वर्णनपत्रकात गावनोंद शब्दशः उतरवून घेतली असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात दोन्ही मजकूर जुळत नव्हते. ही नक्कल करतानाची चूक आहे आणि शिवाय १८४३ पासून या भूखंडांवर प्रत्यक्ष अंमल आपलाच आहे, असे नेदरलँड्सचे म्हणणे होते. जन्म, मृत्यू व विवाहांच्या नोंदी, जमिनीच्या खरेदी-विक्रीचे दस्त आणि जमीनमहसूल या बाबी त्याने पुराव्यादाखल मांडल्या. बेल्जियमने करारातील मजकुराबरोबरच स्वतःचे लष्करी नकाशे आणि भूमापन नोंदी पुढे केल्या.

उभय राष्ट्रांनी १९५७ मध्ये परस्परसंमतीने हा वाद न्यायालयापुढे नेला. २० जून १९५९ रोजी न्यायालयाने १० विरुद्ध ४ अशा बहुमताने बेल्जियमच्या बाजूने निकाल दिला. नक्कल करताना चूक झाली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी नेदरलँड्सवर होती आणि ती पार पडली नाही. डच प्रशासनाची कृत्ये नित्याच्या स्थानिक कारभाराच्या स्वरूपाची होती आणि तेवढ्याने कराराने मिळालेले सार्वभौमत्व लोप पावत नाही, असा निकालाचा आशय होता. १८९२ च्या एका करारात बेल्जियमने हे भूखंड देण्याची तयारी दर्शविली होती. परंतु तो करार कधीच मंजूर न झाल्याने त्याला महत्त्व देण्यात आले नाही.

या निकालपत्राचे वाचन करताना पहिला आक्षेप सहज सुचतो. जन्ममृत्यूची नोंद, दस्त, महसूल यांना 'नित्याचा कारभार' म्हणून बाजूस सारले, तर सामान्य माणसाच्या जीवनात सार्वभौमत्व आणखी कोणत्या रूपाने येते? ज्याच्या कचेरीत मूल जन्मल्याची नोंद होते, ज्याला सारा भरला जातो, तेच त्याच्या दृष्टीने सरकार असते. शतकाहून अधिक काळची ही वहिवाट एका यादीतील दोन आकड्यांपुढे गौण ठरते, हे न्यायाच्या सामान्य कल्पनेला रुचणारे नाही. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये हर्श लाउटरपाख्ट यांच्यासारखे विख्यात विधिज्ञ होते. कराराचा मजकूरच संदिग्ध व परस्परविरोधी असेल तर दीर्घकालीन स्थानिक अंमलाला निर्णायक मानावे, अशी त्यांची भूमिका होती. केवळ मजकुराच्या पातळीवर पाहता ही भूमिका अधिक सयुक्तिक वाटते.

तथापि बार्लेचा भूगोल लक्षात घेतला की या आक्षेपाची धार कमी होते. परिवेष्टित तुकड्याचे वैशिष्ट्यच असे की त्याच्यावरील दैनंदिन अंमल सहजपणे भोवतालच्या सत्तेकडे सरकतो. रस्ता तिचा, बाजार तिचा, जवळची कचेरीही तिचीच. तुकडा ज्या राष्ट्राचा असतो, त्याचा अधिकारी तेथे क्वचितच पोहोचतो. बहुमताच्या निकालपत्रात या अडचणीची दखल घेतलेली आहे. डच प्रदेशाने वेढलेल्या या भूखंडांवर होणारे अतिक्रमण लक्षात येणे आणि तेथे अधिकार गाजविणे बेल्जियमला कठीण होते, हे न्यायालयाने मान्य केले आहे. अशा ठिकाणी वहिवाटीला निर्णायक मानले, तर कालांतराने प्रत्येक परिवेष्टित तुकडा वेढणाऱ्या राष्ट्राचा होईल. म्हणून येथे कागद हा दुर्बल बाजूचा आधार ठरतो. हा युक्तिवाद निकालपत्रात ओझरता आला आहे. तो मध्यवर्ती केला असता, तर निकाल अधिक पटणारा झाला असता.

१९६० चा निकाल : वहिवाटीचा पक्ष

१२ एप्रिल १९६० रोजी याच न्यायालयाने पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्याचा निकाल दिला. दमण जिल्ह्यात मोडणारे दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगीज अंमलाखालील प्रदेश भारतीय भूमीने वेढलेले होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतक व महाराष्ट्रातील स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांना तेथे जाण्यासाठी वाट नाकारली. १९५५ च्या डिसेंबरमध्ये पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा दाखल केला. भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला न्यायासनावर होते.

पोर्तुगालने आपल्या हक्काचा आधार म्हणून १७७९ चा पुणे तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा पुढे केल्या. या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना १२ हजार रुपये उत्पन्नाची गावे तोडून देण्याचे मान्य केले होते. हे देणे सार्वभौमत्वाचे की केवळ उत्पन्नाचे, हा वादाचा मुद्दा होता. तहाच्या विविध पाठांतील शब्दयोजना पाहून न्यायालयाने हे देणे जहागीर वा सरंजाम या स्वरूपाचे, म्हणजे महसुलापुरते होते, असे मानले. कागदाने पोर्तुगालला सार्वभौम केले नव्हते. परंतु मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले आणि पुढे भारतानेही ते मूकपणे स्वीकारले, या आधारावर न्यायालयाने पोर्तुगालचा हक्क ग्राह्य धरला. बार्ले येथे कागदाने वहिवाटीवर मात केली, तर दादरा-नगरहवेलीत कागदात जे नव्हते ते वहिवाटीने निर्माण केले.

मार्गाच्या हक्काबाबतही वहिवाटच निर्णायक ठरली. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या वाहतुकीची दीर्घ प्रथा सिद्ध झाल्याने १९५४ मध्ये तेवढ्यापुरता हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रसामग्री यांच्याबाबत तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निर्णय देण्यात आला. मुलकी व लष्करी वाटेतील हा भेद बार्ले-हेर्टोगच्या रहिवाशांनी १९१५ मध्येच अनुभवला होता. नागरिकाला नियंत्रणाखाली का होईना, वाट होती. बिनतारी यंत्राला उघड वाट नव्हती. दोन्ही ठिकाणी वेढणाऱ्या राष्ट्राच्या इच्छेवाचून सत्तेचा शस्त्रधारी हात तुकड्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता.

दोन्ही निकालांत विसंगती आहे, असा निष्कर्ष घाईने काढणे मात्र योग्य ठरणार नाही. एका खटल्यात शेजारी समान दर्जाचे होते, न्यायालयात ते संमतीने आले होते आणि १८४३ चा करार उभयतांना मान्य होता. दुसऱ्यात वासाहतिक सत्ता आणि नवस्वतंत्र राष्ट्र समोरासमोर होते आणि भारताने न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रालाच आव्हान दिले होते. चिकित्सेचा खरा मुद्दा वेगळा आहे. दोन्ही निकालपत्रांत त्या भूमीवर राहणाऱ्यांच्या इच्छेला पुराव्याचे स्थान नाही. झोंडरआयगेनच्या भूखंडांवरील लोकांना काय हवे होते, किंवा दादरा-नगरहवेलीतील आदिवासी शेतकऱ्यांना कोणते सरकार आपले वाटत होते, हे प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत आलेच नाहीत. तत्कालीन कायद्याच्या चौकटीत ते येणे कठीण होते, हे मान्य करूनही ही उणीव नोंदविणे आवश्यक आहे.

भूगोलतज्ज्ञांचे वाचन आणि कूचबिहारचा संदर्भ

भूगोलाच्या क्षेत्रात ब्रेंडन व्हाइट यांनी २००२ मध्ये कूचबिहारच्या आणि २००४ मध्ये बार्लेच्या परिवेष्टित प्रदेशांवर प्रदीर्घ अभ्यास प्रसिद्ध केले. एकाच अभ्यासकाने या दोन प्रदेशांकडे वळणे स्वाभाविक आहे, कारण २०१५ पर्यंत जगातील बहुसंख्य परिवेष्टित प्रदेश या दोन ठिकाणीच एकवटले होते. दोहोंचे मूळही जुन्या जहागिरीच्या विखुरलेल्या हक्कांत आहे. परिणाम मात्र अगदी भिन्न झाले. बार्ले येथे दोन्ही बाजूंना नळ, वीज, शाळा आणि मतदान आहे. भारत-बांगलादेश सीमेवरील छिटमहालांतील रहिवासी दशकानुदशके मतदान, शाळा, रुग्णालय व पोलीस यांपासून वंचित राहिले. शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे परस्परांत विलीन झाले. सुमारे ५१ हजार रहिवाशांना राष्ट्रीयत्व निवडण्याची संधी देण्यात आली. हेगच्या दोन्ही निकालांत जे प्रकर्षाने अनुपस्थित होते, ते येथे उशिरा का होईना विचारात घेतले गेले.

नकाशाची गुंतागुंत सारखीच असताना जीवन इतके वेगळे का, याचे उत्तर नकाशात सापडत नाही. १९८६ च्या बेनेलक्स कराराच्या चौकटीत बार्लेच्या दोन्ही नगरपालिकांनी संयुक्त मंडळ उभारले. १९९५ मध्ये तेथील सीमेची निश्चिती पूर्णत्वास गेली. तुकडे राहिले, परंतु त्यांच्या कारभाराबाबत शेजाऱ्यांमध्ये सहमती झाली. भौगोलिक वर्णनात क्षेत्रफळे, क्रमांक व प्रतवारी यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे या सहमतीच्या घडणीला मिळणे अगत्याचे आहे.

समारोप

बार्ले-हेर्टोगची रचना हा इतिहासाचा प्रमाद नसून मध्ययुगीन महसूलव्यवस्थेवर आधुनिक सार्वभौमत्वाचे आरोपण झाल्याचा परिणाम आहे. तेथील सीमा निरुपद्रवी आहे, हा पर्यटनपर लेखनातील समजही टिकणारा नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीत बेल्जियमने दुकाने बंद केली आणि नेदरलँड्सने ती चालू ठेवली, तेव्हा सीमेवरील एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियन अर्धा भाग पट्टी लावून बंद करण्यात आला व डच अर्ध्या भागात विक्री चालू राहिली. १८४३ च्या नोंदवहीतील रकाना पावणेदोनशे वर्षांनंतरही जागा होता.

कागदाशिवाय परिवेष्टित तुकड्यास संरक्षण नाही आणि वहिवाटीशिवाय कागदास आशय नाही, हे १९५९ व १९६० चे निकाल एकत्र वाचले असता दिसून येते. मात्र तुकड्यातील माणसाला दवाखान्यात पोहोचता येईल की नाही, हे या दोहोंपैकी कशानेही ठरत नाही. ते शेजाऱ्याच्या संमतीने ठरते. १९१५ चे बार्ले, १९५४ ची नगरहवेली आणि २०१५ पूर्वीचे कूचबिहार ही तिन्ही उदाहरणे याची साक्ष देतात. सीमाप्रश्नाच्या अभ्यासात दस्तऐवज आणि नकाशे यांच्या जोडीला या संमतीचा इतिहास लिहिला जाणे ही काळाची गरज आहे.